तालुक्याच्या गावातली कॉफी: पिताना आणि लिहिताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवाळीनंतर दहा-बारा दिवस मोटारसायकलवर विदर्भ फिरायचा, मोठ्या साखळी दुकानांत न जाता गावोगावच्या एकट्या मालकाच्या कॅफेत बसायचं आणि त्यावर लिहायचं. काय मागवावं, काय बघावं, तारे कसे द्यावेत? आणि शेवटी हळूच विचारलंय, नागपूर सोडलं तर तिकडे कॉफी मिळते तरी का?

मिळते. फक्त तिचा पत्ता बोर्डावरून लागत नाही. तालुक्याच्या गावात ज्या दुकानावर मोठ्या अक्षरांत 'कॅफे' लिहिलेलं असतं तिथे मॅगी, मोमो, पिझ्झा आणि निळ्या रंगाचं मॉकटेल असतं. कॉफी मेन्यूकार्डाच्या मागच्या बाजूला, शेवटच्या तीन ओळींत. उलट मी प्यायलेल्या चांगल्या कॉफींपैकी एक झेरॉक्सच्या दुकानात होती. मालकाचा मुलगा बेंगळुरूहून स्टीलचा फिल्टर घेऊन आला होता आणि झेरॉक्सला गर्दी नसली की दोन-चार कप विकायचा. बोर्डावर कॉफीचा 'क' सुद्धा नव्हता.

मी कोण, हे आधी सांगते, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. सोळा वर्षं मी सहकारी पतसंस्थांचं लेखापरीक्षण करते. महिन्यातले पंधरा-वीस दिवस अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम या पट्ट्यातल्या कुठल्या ना कुठल्या तालुक्याला मुक्काम. ज्यांचे हिशेब तपासायचे त्यांचा चहासुद्धा घ्यायचा नाही, असं माझ्या सरांनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं. त्यामुळे चार वाजले की मी संस्थेच्या बाहेर पडते आणि आपल्या पैशाचं काहीतरी पिते. चहाने पित्त होतं, म्हणून कॉफी. एवढ्यावरून सुरू झालं. मग वहीत टिपणं, मग नकाशावरच्या दुकानांखाली परीक्षणं, मधे रजा काढून कॉफी बोर्डाचा 'कापी शास्त्र' हा अभ्यासक्रम. कॉफीचा धंदा मी कधी केला नाही. पण एका कपाच्या मागे काय काय असतं हे आता बऱ्यापैकी कळतं, आणि ते मला कसं कळलं ती गोष्ट माझ्या फजितीची आहे.

सहा-सात वर्षांपूर्वीचा मे महिना. दर्यापूरकडच्या एका गावात एका खोलीचं दुकान, चार टेबलं. मालक पंचविशीतला, पुण्यात हॉटेलात काम करून परत आलेला. दुपारचे अडीच, लाइट गेलेली, बाहेर पंचेचाळीस डिग्री. मी गरम कॉफी मागवली. पहिला घोट घेतला तर खारट. चक्क खारट. काही न बोलता अर्धा कप ठेवला, पैसे दिले, निघाले. रात्री लॉजवर बसून लिहिलं, 'साखरेऐवजी मीठ टाकण्याइतका निष्काळजीपणा', आणि दोन तारे. वाक्य जमलं म्हणून मनातल्या मनात खूशही झाले.

तीन महिन्यांनी त्याच गावात पुन्हा काम निघालं. मुलाने मला ओळखलं. त्याच्या दुकानात एकटी बसून कॉफी पिणारी बाहेरगावची बाई त्या उन्हाळ्यात मी एकच होते, नावही खाली होतंच. चिडला नाही. म्हणाला, "मॅडम, मीठ काऊन टाकीन मी? पानीच तसं हाये आमच्याइकडलं. तुमी पयले पानी पेल्या असत्या त समजलं असतं." आणि दोन ग्लास समोर ठेवले. एक बोअरचं, एक जारचं. बोअरचं पाणी जिभेवर ठेवलं आणि माझं ते जमलेलं वाक्य आठवून कान गरम झाले.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांतून खारपाणपट्टा जातो. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, संग्रामपूर ही सगळी नावं त्यातलीच. जमिनीखालचं पाणीच खारं. दुकानदार जारचं पाणी घेतात, पण जार भरणारा प्लँट विजेवर चालतो. त्या दिवशी सकाळपासून लाइट नव्हती, जार आले नव्हते, आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही म्हणून त्याने बोअरच्या पाण्याची कॉफी केली. त्याचं चुकलं ते एवढंच, की आधी सांगितलं नाही. माझं चुकलं ते बरंच जास्त. हिशेबात एखादी रक्कम जुळली नाही तर मी संस्थेच्या मॅनेजरला विचारल्याशिवाय शेरा मारत नाही. इथे विचारलंच नाही. परीक्षण काढलं, नवीन लिहिलं, आणि त्यात पाण्याबद्दल लिहिलं.

तेव्हापासून कुठेही बसले की आधी साधं पाणी मागते, बर्फ न घातलेलं, आणि तोंडात घोळवून पिते. तुम्हीही हेच करा. कपात अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं (दुधाच्या कॉफीत कमी, पण तिथेही दुधात पाणी असतंच, आणि ते कुणी घातलं हा वेगळा विषय). पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं पेनाएवढं टीडीएस मीटर ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळतं, ते बॅगेत ठेवा. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत, असं आपलं भारतीय मानक सांगतं. कॉफीच्या जाणकारांना १५० च्या आसपास हवे असतात, ७५ ते २५० पर्यंत त्यांची ना नसते. खारपाणपट्ट्यातलं बोअर त्याच्या कितीतरी वर. आणि जारचं पाणी? मी मोजलेल्या जारांत मीटर अनेकदा तीस-चाळीसवर थांबलंय. तेही कॉफीला सोसत नाही. क्षार फार कमी झाले तर पावडरीतली चव पाण्यात नीट उतरत नाही, कॉफी फुळकट लागते. फार झाले, त्यातही बायकार्बोनेट जास्त असले, तर कॉफीतला आंबटपणा मारला जातो आणि सगळं खडूसारखं सपाट लागतं. मीटर फक्त एकूण क्षार सांगतं, कोणते ते नाही, त्यामुळे आकड्यावर भाळू नका. जीभ आधी, मीटर नंतर. आणि मीटर ग्लासात बुडवताना मालकाकडे बघून हसा, नाहीतर काय होतं ते पुढे सांगते.

दुधाचं थोडक्यात. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्के, गाईच्या साडेतीन-चार. टपरीवर म्हशीचं दूध दिवसभर मंद आचेवर आटत असतं, सहा वाजेपर्यंत त्याची जवळजवळ बासुंदी होते, आणि त्यात दोन रुपयांची पुडी फाडून टाकली की झाली कॉफी. तिला कॉफी म्हणून मोजू नका, आटीव दूध म्हणून मोजा, मग ती आवडेल. वरून जायफळ किसून घातलं असेल तर समजा मालकिणीने घरची सवय दुकानात आणली आहे. मराठी घरात कॉफी म्हटलं की जायफळ-वेलदोडा आलाच. तुम्ही त्याला 'अस्सल नाही' म्हणून मार्क कापलेत तर मी तुमचं पुढचं काही वाचणार नाही.

तीच गोष्ट लग्नातल्या एस्प्रेसोची. ते पितळी टाकीचं, फुसफुस करणारं मशीन तुम्ही पाहिलं आहेच. पेल्यात साखर आणि इन्स्टंट पावडर, वर दूध, त्यात वाफेची नळी, फेस आला की वरून चॉकलेट पावडरची चिमूट. यवतमाळ-वाशीमकडच्या कित्येक हॉटेलांत आजही 'एस्प्रेसो' मागितली की हीच येते. शहरातून आलेली मुलं हिला बनावट म्हणतात. खऱ्या एस्प्रेसोत बारीक दळलेल्या कॉफीतून सुमारे ९ बार (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण नऊपट) दाबाने पाणी ढकलतात, ही गोष्ट खरी. पण मिलानच्या लुइजी बेझेराने १९०१ साली ज्या मशीनचं पेटंट मागितलं ते वाफेच्याच दाबावर चालायचं. ९ बारचा दाब आणि वरचा तपकिरी साय-फेस आला तो १९४० च्या दशकात, गाज्जिया या इटालियन माणसाच्या, दांडा ओढून चालवायच्या मशीनबरोबर. म्हणजे आपल्या मांडवातल्या मशीनचं मूळ घराण्याशी लांबचं का होईना, नातं आहे. तिला तिच्या नावाने लिहा: 'वाफेची फेसाळ कॉफी, गोड, गरम, चॉकलेट जास्त'. वाचणाऱ्याला कळतं, मालकाचंही नुकसान नाही.

आता खरं मशीन असलेल्या कॅफेंबद्दल. परतवाडा, वणी, पुसद, वरूड, हिंगणघाट अशा गावांत आता एखाद्या तरुणाने दीड-दोन लाख घालून मशीन बसवलेलं दिसतं. इथे सगळ्यात उपयोगाचा प्रश्न एकच: "दिवसाला कॉफी किती कप जाते?" तारीख, जात, बागेचं नाव हे नंतर. पाच कप जात असतील तर ग्राइंडरच्या वरच्या भांड्यात ओतलेल्या बिया आठवडा-दोन आठवडे तिथेच पडून असतात. आपल्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या छताखाली. भाजलेल्या बियांतलं तेल वर येतं, भांड्याच्या काचेला तेलकट पडदा धरतो. लांबून दिसतो तो. असा पडदा दिसला की काळी कॉफी मागवू नका, ती जुन्या शेंगदाण्यासारखी खवट लागणारच. दुधाची घ्या आणि परीक्षणात तेवढंच लिहा. पडदा नसेल तर पिशवी बघायला मागा. भाजल्याची तारीख छापलेली असेल आणि महिन्याच्या आतली असेल तर खुशाल काळी मागवा. पिशवी दाखवताना मालकाचा चेहरा खुलला तर ती कॉफी चांगलीच असते, हा माझा शास्त्राबाहेरचा अनुभव.

वेळही बघा. असं मशीन अडीच-तीन किलोवॅटचं असतं, आणि चालू केल्यावर नीट तापायला वीस-पंचवीस मिनिटं घेतं. लाइट गेली की इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवे चालतात, मशीन नाही. लाइट आल्यावर पाचव्या मिनिटाला तुम्ही कॉफी मागितली तर ती आंबट, पातळ येणार. मालकाला हे माहीत असतं, पण तो तोंडाने म्हणत नाही. तुम्हीच म्हणा, "तापू द्या, मला घाई नाही." एवढ्या एका वाक्याने मला कितीतरी चांगले कप मिळालेत. आणि ग्राइंडरनंतर त्याचा हात कुठे जातो ते बघा. एखादा पोरगा छोट्या काट्यावर अठरा ग्रॅम मोजतो, सपाट दाबतो, पंचवीस-तीस सेकंदांत छत्तीस ग्रॅमच्या जवळपास उतरवतो. वाशीम जिल्ह्यातल्या एका दुकानात मी हे पाहिलं तेव्हा काटा सोनाराचा होता. काकाचं दागिन्यांचं दुकान होतं म्हणे. अठरा पॉइंट शून्य दोन ग्रॅम. माझ्या वहीत त्या दुकानापुढे दुसरा शेराच नाही, फक्त हा आकडा लिहून ठेवलाय.

पण खरं सांगू का, आमच्याकडे कॅफे चालतो तो कोल्ड कॉफीवर. मार्च ते जून दुसरं काही कुणी पीत नाही. ब्रह्मपुरी, चंद्रपूर, अकोला इथला मे महिना ज्याने पाहिलाय तो कॅपुचिनोचा आग्रह धरणार नाही. त्यामुळे दुकानाची परीक्षा घ्यायची तर त्याच्या कोल्ड कॉफीवर घ्या. बघायचं एवढंच: पावडर आधी चमचाभर कोमट पाण्यात विरघळवली, की थेट गार दुधात टाकून मिक्सर फिरवला? दुसऱ्या प्रकारात कडू ठिपके दाताखाली येतात आणि तळाशी चॉकलेटी गाळ उरतो. आइसक्रीम घालणार असतील तर साखर कमी करायला हवी. बहुतेक जण करत नाहीत. मी "साखर अर्धी" सांगते. ज्याला अर्धी साखर म्हणजे किती हे न विचारता कळतं, त्याचा हात चांगला.

लिहिताना शब्द कुठून आणायचे, हा माझा आवडता विषय. इंग्रजी परीक्षणं वाचून आपल्या मुलांना ब्लूबेरी, जास्मिन, कॅरॅमल असले शब्द लागतात. घाटंजीच्या माणसाने ब्लूबेरी कुठे खाल्ली? त्याला मोहफूल माहीत आहे. बोर, चिंच, अंबाडीचं सरबत, भाजलेले हरभरे, काकवी, चारोळी, संत्र्याच्या सालीचा तो डोळ्यांत जाणारा तुषार, हे सगळं माहीत आहे. एका नैसर्गिक पद्धतीने, म्हणजे फळासकट, वाळवलेल्या कॉफीला मी 'सुकलेल्या मोहासारखी, किंचित आंबूस गोड' लिहिलं होतं, तर गडचिरोलीकडच्या एका वाचकाने लिहिलं की हे वाचून पहिल्यांदा कॉफी प्यावीशी वाटली. जवसाच्या चटणीचा खरपूसपणा आणि जळकटपणा यातला फरक आमच्याकडे लहान पोरालाही कळतो. तोच फरक मध्यम भाजलेल्या आणि करपलेल्या कॉफीत असतो. तसंच लिहा. एकच शब्द जपून वापरा, 'आंबट'. अरेबिका जातीच्या चांगल्या कॉफीत आंबटपणा असायचाच, पण आपल्या माणसाच्या कानाला आंबट कॉफी म्हणजे नासलेल्या दुधाची कॉफी. 'संत्र्यासारखी आंबटगोड' लिहा, नाहीतर दुसऱ्या दिवशी दुकानदाराला दुधाबद्दल विचारणा सुरू होईल.

ताऱ्यांचा हिशेब मी व्यवसायाने करते तसा करून दाखवते. शहरातल्या एखाद्या दुकानाखाली १२०० परीक्षणं असतात, सरासरी ४.५. तुम्ही एक तारा दिलात तरी सरासरी हलत नाही. तालुक्याच्या कॅफेखाली १२ परीक्षणं असतात, त्यातली पाच मालकाच्या मित्रांची. सरासरी ४.५ म्हणजे एकूण ५४ तारे. तुमचा एक मिळवला की ५५, भागिले १३: ४.२३. तुमच्या एका दुपारने त्याचा पाव तारा गेला, आणि पुढचं परीक्षण कदाचित दोन महिन्यांनी येणार. म्हणून माझा नियम असा आहे: चार तारे किंवा त्याहून जास्त द्यायचे तर एका भेटीत देते, कमी द्यायचे तर दुसऱ्यांदा गेल्याशिवाय देत नाही, आणि तेही वेगळ्या वेळी. दुसऱ्यांदा जाणं जमणार नसेल तर तारे देतच नाही; फोटो आणि चार ओळींची माहिती टाकते. तुम्ही दहा दिवसांत पाचशे किलोमीटर पळणार, तुम्हाला परत जाणं जमायचं नाही. मग सकाळी पिऊन गाव बघा आणि निघताना पुन्हा थांबा. तेही चालतं. अर्थात दुधाला वास होता, कप धुतलेला नव्हता, पैसे जास्त लावले, अशा गोष्टींना दुसरी भेट लागत नाही. त्या तिथल्या तिथे मालकाला सांगा, आणि त्याने ऐकून घेतलं नाही तर लिहा.

पैशांचा मुद्दा तुम्ही विचारला नाहीत, पण अडचण तिथेच येणार. बाहेरगावचा माणूस कॉफीबद्दल आस्थेने विचारतो म्हटल्यावर मालक पैसे घेत नाही. "राहू द्या हो, पाहुणे हाये तुमी." हे मनापासून असतं, त्यात लाच वगैरे काही नसते. पण फुकटची कॉफी पिऊन खरं लिहिता येत नाही, निदान मला तरी नाही. मी ऑर्डर देतानाच क्यूआर कोडवर पैसे टाकते. मशीनमधून 'प्राप्त झाले' असा आवाज आला की वाद संपतो. तरी कुणी परत करायला लागला तर बिस्किटाचा पुडा विकत घेते. तेही जमलं नाही तर त्या दुकानावर लिहीत नाही. आहेत अशी तीन-चार दुकानं. कॉफी चांगली आहे त्यांची, पण लिहिता येत नाही.

वही आणि मीटर. एकदा पांढरकवड्याकडे मी टेबलावर वही उघडली, ग्लासात मीटर बुडवलं, आकडा लिहून घेतला. पाच मिनिटांत काउंटरवरचे सगळे कप परत धुतले गेले, फ्रीजमधल्या दोन बरण्या मागच्या दाराने गेल्या, आणि मालक हात पुसत येऊन म्हणाला, "मॅडम, लायसन भिंतीवर हाये, पाहून घ्या." अन्न व औषध प्रशासनाची बाई समजला. मी खूप समजावलं, पण तो शेवटपर्यंत उभाच राहिला. त्या दिवशीची कॉफी अप्रतिम होती आणि तिचा उपयोग शून्य, कारण ती अशी दुसऱ्या कुणालाच मिळाली नसती. तेव्हापासून वही बाहेर, गाडीच्या सीटवर उघडते.

एक नाजूक गोष्ट आहे, पण ती सोडून चालणार नाही. तालुक्यातल्या बऱ्याच कॅफेंत प्लायवूडची कंपार्टमेंट आणि पडदे असतात. कॉलेजची मुलंमुली तिथे बसतात, कारण गावात दुसरीकडे बसायला जागा नाही. मग अधूनमधून पोलिसांची धाड पडते, पेपरात बातमी येते. अशा ठिकाणी तुम्ही फोटो काढायला कॅमेरा वर केलात की अर्धं दुकान रिकामं होतं. तिथे माणसांचे फोटो काढूच नका, पाठमोरेसुद्धा नाही. गावात पाठीवरूनही ओळखतात. लिहिताना टोमणा नको, 'तसलं ठिकाण' वगैरे नको. 'बसायला पडद्यांची कंपार्टमेंट आहेत, उजेड कमी, कॉफी इन्स्टंट' एवढं पुरे. दुकानात शिरल्यावर एकट्या बाईने कुठे बसावं, स्वच्छतागृह आहे का, दाराला कडी आहे का, हे मात्र नक्की लिहा. पुरुष परीक्षक हे कधीच लिहीत नाहीत. माझ्या वहीत त्याचा वेगळा रकाना आहे आणि कॉफीपेक्षा त्यावरच जास्त प्रश्न येतात.

रस्त्याबद्दल सगळं सांगत बसत नाही, तुम्ही फिरस्ते आहात. दिवाळीनंतर काटोल-वरूडकडे संत्र्याचा हंगाम असतो, कापसाच्या गाड्याही रस्त्यावर असतात, त्यामुळे रात्रीचा प्रवास टाळा. वर्ध्याला गेलात तर सेवाग्राम आश्रमाच्या आसपास कॉफी शोधू नका. चहा-कॉफीची शरीराला गरज नाही असं गांधीजींचं मत होतं, आणि १९३६ साली ते तिथे राहायला आले तेव्हापासूनची ती हवा आहे. वर्ध्यात गोरस पाक मात्र घ्या. तुपातलं खुसखुशीत बिस्कीट, प्रवासात टिकतं, आणि बिनसाखरेच्या काळ्या कॉफीबरोबर त्याच्यासारखं दुसरं काही मला सापडलेलं नाही. ताडोब्याच्या मोहर्ली दारापाशी जायचं तर मंगळवार टाळा, त्या दिवशी सफारी बंद असते आणि दुकानदारही सुस्त. एरवी सकाळची सफारी संपल्यावर दहाच्या सुमारास सगळ्या जिप्सी एकदम येतात, त्या तासात कुणाचीच कॉफी धड होत नाही. अकरानंतर बसा.

आणि चिखलदरा चुकवू नका. परतवाड्यावरून घाट चढायला लागलात की हवा बदलते; वर सुमारे ११०० मीटर उंची. महाराष्ट्रात कॉफी पिकते म्हणून ओळखलं जातं ते हेच गाव. दक्षिणेत अरेबिका साधारण हजार ते दीड हजार मीटरवर, सावलीच्या झाडांखाली लावतात. चिखलदरा त्या उंचीत जेमतेम बसतं. दक्षिणेत नोव्हेंबरपासून अरेबिकाची तोडणी सुरू होते, तुम्ही जाल तेव्हा इथेही एखाद्या झाडावर लाल फळं दिसली तर एक तोडून चोखून बघा. गर गोड असतो, कॉफीचा वास अजिबात नाही. निम्म्या लोकांना ती कॉफी आहे हे पटतच नाही.

पॉइंटवरच्या आणि बाजारातल्या टपऱ्यांवर 'चिखलदऱ्याची कॉफी' म्हणून सुटी पावडर मिळते. तिथे एक छोटा प्रयोग करा. काचेच्या ग्लासात गार पाणी घ्या आणि चिमूटभर पावडर वर अलगद सोडा. कॉफीचे कण बराच वेळ तरंगतात. चिकोरीचे (कॉफीत मिसळतात त्या भाजक्या मुळाच्या पुडीचे) कण लगेच खाली बसायला लागतात आणि जाताना मागे तपकिरी रेघा सोडतात, शाईचा थेंब पाण्यात पडावा तशा. पाकिटबंद मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी हवी आणि प्रमाण पाकिटावर छापायला हवं असा नियम आहे. सुट्या पुडीवर छापणार कोण? मी लॉजच्या खिडकीत हा ग्लास ठेवला तेव्हा रेघाच रेघा उतरल्या. दुसऱ्या दिवशी त्या टपरीवर परत गेले, विचारायला. म्हातारा दुकानदार अजिबात ओशाळला नाही. म्हणाला, "बिनमिसळीची पन हाये, पन गिऱ्हाइकाले घट्ट पाह्यजे. नुसती पातळ लागते त्याईले." आणि खालच्या डब्यातून दुसरी पुडी काढून दिली. तिची काळी कॉफी करून पाहिली: हलकी, थोडी मातकट, शेवटी भाजक्या हरभऱ्याची चव. फार ग्रेट नव्हती. पण पूर्ण तरंगली.

तुम्ही मागाल तेव्हा "खालच्या डब्यातली द्या" म्हणा. पुडी वर्तमानपत्रात बांधून देतात, तेव्हा घट्ट झाकणाचा डबा सोबत असू द्या. घाटातल्या धुक्यात ती पुडी परतवाड्यापर्यंतच ओल धरते.